रेग्युलेटरला ब्रेडेड होज लावायचा का? नवीन डायव्हरसाठी पहिल्यापासून सगळं

ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला, दोन-चार ट्रिपा झाल्या, आणि दहा जणांच्या तोंडातून आलेला भाड्याचा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा सेट) नको वाटायला लागला की माणूस स्वतःचा सेट बघायला लागतो. तिथे दुकानदार किंवा ग्रुपमधलं कोणीतरी हमखास म्हणतं, "रबरी होज काढ आणि ब्रेडेड टाक, एकदम मऊ असतात." ब्रेडेड म्हणजे वरून नायलॉन किंवा पॉलिएस्टरची वीण असलेले, लाल-निळे-काळे होज, हवेच्या नळ्या. मऊ असतात हे खरंच आहे. पण ते कुठे लावायचे, कुठे नाही, घेताना काय बघायचं आणि मुख्य म्हणजे कधी फेकायचे हे सांगायला कोणी थांबत नाही, म्हणून हे लिहितोय. आपल्याकडे तारकर्ली, गोवा, नेत्राणी, अंदमान असं सगळं डायव्हिंग उन्हात आणि दमट हवेत चालतं, त्यामुळे शेवटचा प्रश्न आपल्याला जरा जास्तच लागू पडतो.

आधी कुठला होज काय करतो ते बघू

टाकी भरलेली असताना आत साधारण २०० बार प्रेशर असतं. टाकीवर बसणारी फर्स्ट स्टेज ते उतरवून आजूबाजूच्या पाण्याच्या प्रेशरपेक्षा ९-१० बार जास्त एवढ्यावर आणते आणि ही हवा लो प्रेशर म्हणजे एलपी होजमधून तीन ठिकाणी जाते: तोंडातली सेकंड स्टेज, पिवळा ऑक्टो म्हणजे राखीव सेकंड स्टेज, आणि बीसीडीचा, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटचा इन्फ्लेटर. चौथा होज हाय प्रेशर, एचपी, तो टाकीचं पूर्ण प्रेशर गेजपर्यंत नेतो.

नवीन लोकांना एचपीची भीती जास्त वाटते, एवढं प्रेशर आहे म्हणून, पण प्रत्यक्षात उलटं आहे. एचपीच्या वाटेवर मुद्दाम अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं, त्यामुळे तो होज फुटला तरी टाकी रिकामी व्हायला बऱ्यापैकी वेळ लागतो आणि शांतपणे वर यायला संधी मिळते. एलपी होज मोठ्या भोकाचा, तो फुटला तर भरलेली टाकीसुद्धा दोनेक मिनिटांत संपू शकते, खोल असाल तर त्याहून लवकर. म्हणजे काळजी करायची तर एलपीची करा, आणि ब्रेडेड होज लोक लावतात तेही बहुतेक एलपीलाच.

आता रचना. दोन्ही प्रकारांत तीन थर असतात: आतली नळी म्हणजे लायनर, त्यावर ताण सहन करणारी धाग्यांची जाळी, आणि वर आवरण. रबरी होजमध्ये लायनर आणि आवरण दोन्ही सिंथेटिक रबराचं. ब्रेडेडमध्ये लायनर बहुतेक वेळा टीपीयूचं, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचं, आणि वर विणलेलं कापडी आवरण. लोक वरची वीण बघून विकत घेतात, पण तुमची हवा जाते ती त्या लायनरमधून आणि पुढच्या सगळ्या भानगडीही तिथल्याच आहेत.

काय चांगलं आहे

एक नंबर फायदा जबड्याला. ताठ रबरी होज सेकंड स्टेजला सतत एका बाजूला ओढत असतो, मान वळवली की माउथपीस दातांत पिळतो, आणि पाऊण तासाच्या डायव्हनंतर ज्यांचा जबडा दुखतो त्यांना वाटतं आपण माउथपीस जास्त चावतोय, खरं कारण निम्म्या वेळा होज असतो. मऊ होज लावला की ही ओढ जवळजवळ जाते. चण बारीक असेल, चेहरा लहान असेल, खांद्यावरून येणारा होज नेहमी मोठाच वाटत असेल तर फरक पहिल्याच डायव्हला कळतो.

दुसरा फायदा असा की होज हवा तसा वळतो, म्हणून ओढ कमी करायला सेकंड स्टेजपाशी फिरता एल्बो लावायची गरज फारशी राहत नाही. एल्बो म्हणजे आणखी एक जोड आणि आणखी ओ-रिंगा (सील करणाऱ्या रबरी रिंगा), म्हणजे गळायला आणखी एक जागा, तर तो टळला तर बरंच.

प्रवासात हलका पडतो, बॅगेत छोट्या गोलात बसतो. पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजय पुरम) फ्लाइटला १५ किलोत सगळं कोंबणाऱ्यांना हे सांगायला नको. बाकी रंगबिरंगी मिळतात वगैरे, ते तुमच्या हौसेवर. फक्त ऑक्टोचा होज पिवळाच ठेवा, घाबरलेला बडी, म्हणजे डायव्हचा जोडीदार, पिवळं शोधतो, तुमच्या फिन्सला मॅच होणारा जांभळा नाही.

आणि आता तोटे, इथे जरा थांबून वाचा

रबरी होज म्हातारा झाला की सांगतो. मेटलच्या फिटिंगपाशी, जिथे तो क्रिम्प केलेला, म्हणजे दाबून पक्का बसवलेला असतो, तिथे वाकवून बघितलं की जुन्या स्कूटरच्या टायरसारखे बारीक तडे दिसतात, कुठे फुगवटा येतो, आणि बघणाऱ्याला कळतं की आता बदला. ब्रेडेड होज हे सांगत नाही. वीण छान चकाचक राहते आणि आतल्या लायनरची वाट लागलेली असू शकते.

वाट लागते म्हणजे काय होतं, तर काही ब्रेडेड होजमध्ये टीपीयूचं लायनर उष्णता आणि ओलाव्यामुळे रासायनिकदृष्ट्या तुटत जातं, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि आत पिवळट, स्फटिकासारखे कण साचायला लागतात, मग होजचं आतलं छिद्र अरुंद होतं, किंवा तुकडा सुटून पुढे सेकंड स्टेजमध्ये जाऊन अडकतो. डॅन, म्हणजे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, यांनी अशा घटनांनंतर डायव्हर्सना जाहीर इशारा दिलेला आहे. यातली भीतीदायक गोष्ट ही की गळणारा होज निदान बुडबुडे सोडतो, बडीला दिसतो, पण बुजलेला होज गपगुमान असतो, गेजवर १२० बार दिसतंय आणि तोंडात हवा येत नाही.

सगळ्या ब्रेडेड होजना हे होतंच असं अजिबात नाही. टीपीयूच्याही जाती आहेत, पॉलिएस्टर जातीचं ओलाव्याला कच्चं, पॉलिइथर जातीचं बरंच टिकणारं. पण दुकानात होजवर हे लिहिलेलं नसतं आणि विकणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही. उष्णता आणि ओलावा या दोन्ही गोष्टी वाढल्या की ही प्रक्रिया वेगाने होते, आणि आपल्या किनाऱ्यावर दोन्ही बारा महिने फुकट मिळतात. थंड देशातल्या डायव्हरने "माझा सात वर्षं चाललाय, काही झालं नाही" असं लिहिलेलं वाचलं तर ते त्याच्या कपाटातलं हवामान आहे, मालवणच्या खोलीतलं नाही.

बाकीचे तोटे त्यामानाने किरकोळ. वीणीत मीठ आणि वाळू बसते, नीट धुतलं नाही तर वाळल्यावर मिठाचे खडे धाग्यांना आतून घासतात. वीण सुटून केसाळ होते. उघड्या मानेवर घासली की लाल चट्टे येतात, आणि आपण गरम पाण्यात रॅशगार्डवर डायव्ह करतो त्यामुळे मान बरेचदा उघडीच असते. आणि गळती शोधायला त्रास, कारण लायनरला एका जागी भोक पडलं तरी हवा विणीखालून फिरत दुसरीकडेच, बहुतेक टोकाच्या फिटिंगपाशी बाहेर येते.

मग कुठे लावायचा

माझं मत स्पष्ट आहे: नवीन माणसाने फक्त तोंडातल्या सेकंड स्टेजला ब्रेडेड लावावा, बाकी तिन्ही रबरी ठेवावेत.

कारण फायदा तिथेच आहे. इन्फ्लेटरचा होज खांद्याला बांधलेला असतो, त्याला मऊपणाचा उपयोग शून्य. गेजचा एचपी होज नुसता लटकत असतो, तिथेही तेच. ऑक्टोचं म्हणाल तर तो वेळेला चालायलाच हवा, आणि दोन्ही सेकंड स्टेज एकाच प्रकारच्या, एकाच वयाच्या होजवर असतील तर एकाला जे झालं ते दुसऱ्यालाही त्याच सुमारास होऊ शकतं, हे मला पटत नाही. एक ब्रेडेड, एक रबरी असेल तर तो धोका आपोआप कमी होतो.

पुढे कोणी टेक्निकल, म्हणजे जास्त खोल आणि अवघड डायव्हिंगकडे गेलं तर सात फुटी, म्हणजे साधारण २.१ मीटरचा लांब होज येतो, तिथे बरेच जण रबरीच पसंत करतात, कारण रबर जरा वजनदार आणि ताठ, शरीराला धरून राहतं, मऊ होज पाण्यात लाटांसारखा तरंगत बाजूला जातो. पण ते तुम्हाला आत्ता लागत नाही, सोडून द्या.

विकत घेताना

लांबी आधी. सध्याचा होज मोजा आणि तेवढाच घ्या, साधारण ७० ते ७५ सेंटीमीटर असतो प्रायमरीचा, म्हणजे तोंडातल्या सेकंड स्टेजचा, ऑक्टोचा मीटरभर. मऊ आहे म्हणून लांब घेऊ नका, बाजूला मोठा लूप निघतो आणि बोटीच्या शिडीत अडकतो. खूप उंच किंवा बुटके असाल तर सेट अंगावर घालून, डोकं दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा आणि मग ठरवा.

होजवर छापलेलं वाचा. एलपी की एचपी, जास्तीत जास्त वर्किंग प्रेशर किती, आणि कुठल्या वर्षी-महिन्यात बनला. युरोपीय माल असेल तर बरेचदा ईएन २५० हा स्टँडर्डही लिहिलेला असतो. तारीख नसेल तर मी घेत नाही, कारण या होजचं सगळं गणित तारखेवर आहे, आणि दोन वर्षं दुकानाच्या काचेच्या कपाटात उन्हात पडलेला होज तुम्हाला "नवीन" म्हणून मिळाला तर तेवढं आयुष्य गेलेलंच आहे. ऑनलाइन मिळणारे बिननावाचे, निम्म्या किमतीचे होज तर नकोच, सायकलचं सीट कव्हर स्वस्तात घ्या हवं तर.

थ्रेड बहुतेक आजच्या रेग्युलेटरमध्ये ठरलेले आहेत, एलपी पोर्ट ३/८ इंच, एचपी ७/१६ इंच, त्यामुळे चुकून एकाच्या जागी दुसरा बसत नाही. काही फर्स्ट स्टेजना एक जास्तीचा मोठा १/२ इंचाचा एलपी पोर्ट असतो, त्याला वेगळा होज किंवा अडॅप्टर लागतो. आजोबांच्या काळातला सेकंडहँड रेग्युलेटर मिळाला असेल तर त्याची गोष्ट वेगळी, तो आधी टेक्निशियनकडे न्या. आणि सेकंडहँड सेटवर ब्रेडेड होज लावलेले असतील तर विकणारा कितीही चांगला माणूस असला तरी ते काढून टाका आणि होजची किंमत सौद्यात धरा.

बसवायचा कसा

पहिल्यांदा टेक्निशियनसमोर बसून करा, वॉरंटी चालू असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या. पण क्रम माहीत असलेला बरा.

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण दाबून सगळं प्रेशर जाऊ द्या आणि मग टाकीपासून रेग्युलेटर काढा. प्रेशर असताना पाना लावायचाच नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी पण लोक करतात. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा, म्हणजे ओ-रिंग पडली तर दिसते.

फर्स्ट स्टेजकडचं टोक ९/१६ इंची किंवा १४ नंबरच्या पान्याने सुटतं. ॲडजस्टेबल पाना वापरू नका, तो सरकतो आणि क्रोमचे कोपरे खातो. आधी कुठला होज कुठल्या पोर्टला होता त्याचा फोटो काढून ठेवा. मग सेकंड स्टेजकडचं टोक, इथे मात्र दोन पाने लागतात, एका पान्याने सेकंड स्टेजचा इनलेट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने होजचा नट सोडवायचा. इनलेट न धरता जोर लावला तर तो आतून फिरतो, सेटिंग बिघडतं आणि मग रेग्युलेटर आपोआप फुसफुसायला लागतो.

नव्या होजच्या दोन्ही टोकांची ओ-रिंग बघा, कापलेली नाही ना, जागेवर आहे ना. सिलिकॉन ग्रीस अगदी नावाला, बोटाला लागलेलं पुसून ओ-रिंग चमकेल एवढंच. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा विचार असेल तर कुठलं ग्रीस ते टेक्निशियनला विचारा. मग होज हाताने शेवटपर्यंत फिरवत न्या. हाताने जात नसेल तर थ्रेड तिरका लागलाय, काढून परत लावा. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने हलकासा झटका, ४-५ न्यूटन मीटर, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. सील ओ-रिंग करते, नट आवळून सील होत नसतं. घट्ट आवळणारे लोकच पुढे थ्रेड तोडून बसतात.

होजची दिशा बघा, फर्स्ट स्टेजमधून निघताना तो जास्तीत जास्त सरळ निघायला हवा. मऊ आहे म्हणून तिथेच काटकोनात वाकवला तर सगळा ताण क्रिम्पपाशी येतो आणि ब्रेडेड होज तिथूनच जातात. क्रिम्पवर प्लॅस्टिकचा होज प्रोटेक्टर लावायचा की नाही यावर वाद आहे, मी लावत नाही, कारण त्याच्याखाली मीठ साचतं आणि बघायचं तेच झाकलं जातं. लावलाच तर दर धुण्याला मागे सरकवा.

पाण्यात नेण्याआधी

टाकीला जोडा, गेजची काच स्वतःकडे आणि दुसऱ्यांकडेही न धरता खाली ठेवा, व्हॉल्व्ह हळू उघडा. सुरुवातीला कानाने ऐका. मग सगळा सेट बादलीत किंवा टबमध्ये बुडवा. ब्रेडेड होजमधून पहिली काही मिनिटं बारीक बुडबुडे येतील, ती विणीत अडकलेली हवा असते, घाबरून लगेच परत करायला पळू नका. होज हाताने पुसा, चार-पाच मिनिटं थांबा. त्यानंतरही एका जागेवरून सतत बुडबुड्यांची रेघ येत असेल तर तो होज परत करा.

मग गेजकडे बघत दोन्ही सेकंड स्टेजमधून आळीपाळीने जोरात, लांब श्वास घ्या. काटा हलायला नको. काटा हलत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही किंवा फर्स्ट स्टेजपाशी काहीतरी अडतंय. काटा स्थिर आहे पण एका सेकंड स्टेजला ओढ जास्त लागतेय, किंवा पर्ज दाबल्यावर एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा दबका येतोय, तर त्या होजवर संशय घ्या. ही तुलना दर ट्रिपला करायची, फक्त पहिल्या दिवशी नाही, कारण लायनर बुजायला लागला तर त्याची चाहूल अशीच लागते. महिन्याकाठी होज बोटांच्या चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत जा, मध्येच कडक जागा, गाठ किंवा कुरकुर लागली तर तो होज पुन्हा पाण्यात नेऊ नका. सेकंड स्टेज उघडल्यावर आत पिवळट पूड दिसली तर अर्थ तोच.

पहिला डायव्ह उथळ जागी करा, स्विमिंग पूल मिळाला तर उत्तमच.

धुणं आणि पावसाळा

रबरी होजवर नळ सोडला की झालं, ब्रेडेडला ते पुरत नाही. डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची टोपी) पुसून घट्ट लावा आणि गोड्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवा, मध्ये होज जरा वाकवत-हलवत रहा म्हणजे विणीतलं मीठ सुटतं. टाकीला जोडलेला नसताना भिजवताय तर पर्ज दाबायचा नाही, पाणी आत शिरतं. आणि डायव्ह सेंटरवरच्या त्या सगळ्यांनी सामान बुडवलेल्या टबमध्ये संध्याकाळपर्यंत गोडं पाणी नावालाच राहिलेलं असतं, घरी आल्यावर परत एकदा भिजवा.

वाळवायचं सावलीत, हवेशीर जागी. होजवर सगळ्या सेटचं वजन टाकून खिळ्याला लटकवू नका, फर्स्ट स्टेजला आधार द्या. गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवायचं नाही, मे महिन्यात मालवणहून पुण्याला येईपर्यंत आत काय तापमान होतं ते आपल्याला माहितीये.

आपल्याकडचा खरा प्रश्न जून ते सप्टेंबर. पश्चिम किनाऱ्यावर समुद्र बंद, सेट चार महिने बॅगेत, बॅग माळ्यावर किंवा पलंगाखाली, सगळीकडे बुरशी. हायड्रोलिसिसला याहून चांगली जागा मिळणार नाही. शेवटच्या ट्रिपनंतर सेट पूर्ण वाळला याची खात्री करा, घाईत असाल तर चार दिवस पंख्याखाली ठेवा, मग मोठ्या सैल गोलात गुंडाळून घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या मध्ये एकदा बदला. ओलसर सेट हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणं हा सगळ्यात वाईट पर्याय. ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू होताना पहिल्या ट्रिपआधी वरची बादलीची आणि श्वासाची टेस्ट पुन्हा करा, आणि वर्षाची सर्व्हिसही तेव्हाच लावून टाका.

कधी बदलायचा

होजच्या पाच वर्षांची शिफारस बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, तुमच्या होजच्या कागदावर कमी लिहिलं असेल तर ते पाळा. मी आपल्या हवेत ब्रेडेड होज तीन ते चार वर्षांत काढतो, दिसायला कसाही असो, आणि वर्षं मोजायची ती बनवल्याच्या तारखेपासून, विकत घेतल्यापासून नाही. एका होजचा खर्च हा दोन फन डायव्हच्या आसपास धरा, त्यावरून रबर की ब्रेडेड हेही ठरवता येईल: दर तीन-चार वर्षांनी हा खर्च आणि दर सीझनला ही तपासणी जमणार नसेल तर सरळ रबरी ठेवा, त्यात कमीपणा काहीच नाही, तारकर्लीच्या इसदा या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेपासून अंदमानपर्यंत नवीन लोक शिकतात ते रबरी होजवरच.

बसवल्या दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये बनवल्याच्या तारखेपासून तीन वर्षांनंतरची तारीख टाका आणि होजवर छापलेल्या तारखेचा फोटो त्याला जोडा, छपाई कालांतराने पुसली जाते. काढलेला होज "स्पेअरला राहू दे" म्हणून बॅगेत ठेवू नका, ट्रिपला कोणाचा तरी होज गळतो आणि मग नेमका तोच जातो पाण्यात. मधोमध कापा, कापल्यावर आतलं लायनर बघा, काय अवस्था होती ते कळेल आणि पुढचा होज किती वर्षांनी काढायचा त्याचाही अंदाज येईल. पितळी फिटिंग भंगारवाला घेतो.